प्राणवायूचा वाहक : हिमोग्लोबिनच्या शोधाचा इतिहास आणि आपली जबाबदारी



वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले की सेवाग्रामचा आश्रम, पवनारची धाम नदी आणि हिंगणघाटचा कापूस बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. पण आपल्या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे आणि ती दवाखान्यांच्या नोंदवह्यांत सापडते. महाराष्ट्रात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ज्या जिल्ह्यांत प्रामुख्याने आढळतो, त्यांत विदर्भातील इतर जिल्ह्यांबरोबर वर्ध्याचाही समावेश होतो. ज्या घरात हा आजार आहे त्या घरातील आई-वडिलांना तो काय असतो हे सांगावे लागत नाही. सांधे धरून रात्रभर कण्हणारे लेकरू, महिन्यातून चार-चार दिवस बुडणारी शाळा आणि वारंवार भरावे लागणारे रक्त त्यांनी पाहिलेले असते. मात्र हा आजार होतो कशामुळे, असा प्रश्न विचारला तर सुशिक्षित माणूसही गोंधळतो. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी अन्नाला दोष देतो, तर कोणी आईच्या नशिबाला.

याचे खरे उत्तर एका रेणूच्या आकारात आहे. हिमोग्लोबिन हा तो रेणू. तो दिसतो कसा, प्राणवायू धरतो कसा आणि सोडतो कसा, हे समजायला जगातील विद्वानांना शंभर वर्षांहून अधिक काळ खर्ची घालावा लागला. त्या शोधाचा इतिहास प्रस्तुत लेखात आपल्यापुढे ठेवीत आहे. हा इतिहास परीक्षेत गुण मिळविण्यापुरता नाही. तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो, हे लेखाच्या शेवटी आपल्या ध्यानात येईल.

रक्त आणि हवा यांची भेट

आपण श्वास घेतो तेव्हा हवेचे आणि रक्ताचे नेमके काय होते, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या तेराव्या शतकात दमास्कसजवळ जन्मलेले आणि पुढे कैरो येथे नावारूपास आलेले हकीम इब्न अल-नफीस यांनी इब्न सीना यांच्या 'कानून' या ग्रंथातील शरीररचनेवर भाष्य लिहिले. १२४२ सालच्या या भाष्यात त्यांनी त्या काळी धाडसाचे ठरावे असे विधान केले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून थेट डाव्या कप्प्यात जात नाही. ते फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या बाजूस येते, असे त्यांनी सांगितले. जालिनूस म्हणजे गेलेन यांचे मत याच्या उलट होते आणि हजार वर्षे कोणी त्यास आव्हान दिले नव्हते. इब्न अल-नफीस यांचे हे लेखन पुढे विस्मृतीत गेले. १९२४ साली मुहीउद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांना बर्लिनमध्ये त्याचे हस्तलिखित आढळले, तेव्हा जगाला त्याची पुन्हा माहिती झाली.

रक्त फुप्फुसात हवेला भेटते हे कळले, पण तेथून ते काय घेऊन निघते? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळाले. १८६४ साली जर्मनीतील फेलिक्स होप्पे-झायलर यांनी रक्ताला लाल रंग देणाऱ्या लोहयुक्त प्रथिनाला 'हिमोग्लोबिन' हे नाव दिले. त्याच वर्षी इंग्लंडमधील जॉर्ज स्टोक्स यांनी दाखविले की प्राणवायू काढून घेणारे रसायन रक्तात मिसळले तर त्याचा रंग काळपट होतो आणि हवा लागली की तो पुन्हा लालभडक होतो. म्हणजे हिमोग्लोबिन प्राणवायू घेते, पण कायमचा धरून ठेवीत नाही. लोखंडाला गंज चढतो तेव्हा लोह आणि प्राणवायू यांची जोडी सहजासहजी सुटत नाही. रक्तातील लोह मात्र प्राणवायू हाती घेते आणि वेळ येताच सोडूनही देते. सारे कोडे या एका गोष्टीत होते.

हिमोग्लोबिन नसते तर काय झाले असते, याचा हिशेब सोपा आहे. शंभर मिलिलिटर रक्ताच्या पाण्यात प्राणवायू विरघळतो तो अवघा ०.३ मिलिलिटरच्या आसपास. हिमोग्लोबिनमुळे तेवढेच रक्त सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. हे साठ-सत्तर पटींचे अंतर ज्याच्या बळावर पार पडते तो रेणू एकेका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटींच्या संख्येने असतो.

खरा वाहक कोण?

मित्रहो, वर्धा हे रेल्वेचे जंक्शन आहे. मालगाडीचा डबा एका स्थानकावर गच्च भरला, पण पुढच्या स्थानकावर त्याचे दारच उघडले नाही, तर तो डबा काय कामाचा? वाहकाची परीक्षा माल भरण्यात जितकी असते तितकीच तो योग्य जागी उतरविण्यात असते. हिमोग्लोबिन या परीक्षेत कसे उतरते, हे डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे ख्रिश्चन बोर यांनी १९०४ साली आपल्या सहकाऱ्यांसह मोजून दाखविले. अणूच्या रचनेसाठी पुढे प्रसिद्ध झालेले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव.

फुप्फुसात प्राणवायूचा दाब भरपूर असतो. तेथे हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जागा भरतात. विश्रांती घेणाऱ्या शरीरातून फिरून परतताना त्यांतील पंचाहत्तरच्या आसपास भरलेल्याच असतात, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा माल उतरलेला असतो. पण शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या मुलाच्या मांडीच्या स्नायूत दाब आणखी घसरला की भरलेल्या जागा पस्तीसच्या जवळपास येतात. दाब थोडा उतरताच माल झपाट्याने उतरतो. याचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत येत नाही. आधी सावकाश चढणारी, मग एकदम उभी होणारी आणि शेवटी सपाट होणारी वळणदार रेषा मिळते. शिवाय रक्तात कार्बन डायऑक्साइड व आम्लता वाढली की हिमोग्लोबिनची पकड आणखी सैल होते; यांपैकी कार्बन डायऑक्साइडचा परिणाम बोर यांनीच दाखविला. काम करणारा स्नायू नेमके हेच पदार्थ बाहेर टाकतो. ज्याला प्राणवायूची निकड असते त्याच्याच दारात डबा उघडतो, अशी ही व्यवस्था आहे.

पण रेषा अशी वळणदार का? १९२५ साली गिल्बर्ट अडेर यांनी सिद्ध केले की हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाच्या चार जागा असतात आणि तो प्राणवायूचे चार रेणू धरू शकतो. पहिला प्राणवायू मिळविणे त्याला जड जाते, पण तो बसला की पुढचे चटकन बसतात. याचा अर्थ असा की एका जागेला काय झाले हे उरलेल्या तीन जागांना 'कळते'. या जागा तर एकमेकींपासून दूर आहेत. मग निरोप पोहोचतो कसा?

स्फटिकाने दिलेली साक्ष

या प्रश्नाची पहिली खूण प्राग शहरात मिळाली. १९३८ साली फेलिक्स हाउरोव्हिट्झ सूक्ष्मदर्शकाखाली प्राणवायूरहित हिमोग्लोबिनचे जांभळट, षट्कोनी स्फटिक पाहत होते. काचेखाली हवा शिरली आणि ते स्फटिक मोडून विरघळू लागले. त्यांच्या जागी लाल सुया तयार झाल्या. स्फटिक म्हणजे रेणूंची शिस्तबद्ध रचना. प्रत्येक वीट बदलल्याशिवाय भिंत अशी ढासळत नाही. प्राणवायू घेताना हिमोग्लोबिनचा रेणू आपला आकारच बदलतो, याची ही प्रत्यक्ष साक्ष होती. हाउरोव्हिट्झ यांना पुढे नाझींच्या आक्रमणामुळे देश सोडावा लागला. १९३९ साली इस्तंबूल विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले आणि जवळजवळ एक दशक ते तेथे शिकवीत होते. विद्येला आसरा देणाऱ्या शहरांची नावे इतिहास विसरत नाही.

हाउरोव्हिट्झ यांच्याच सल्ल्याने एका तरुणाने हिमोग्लोबिनचा आकार शोधण्याचे काम अंगावर घेतले होते. मॅक्स पेरुत्झ हे त्याचे नाव. १९१४ साली व्हिएन्नात जन्मलेले पेरुत्झ १९३६ साली केंब्रिजला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडण्यास प्रारंभ केला. स्फटिकातून बाहेर पडणाऱ्या किरणांचे ठिपके फोटोच्या काचेवर उमटतात आणि त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा ठरविता येतात. मात्र मिठाच्या खड्यात मोजके अणू आणि हिमोग्लोबिनच्या रेणूत जवळजवळ दहा हजार! पुष्कळांनी हे वेडे साहस मानले. युद्धकाळात १९४० साली परदेशी नागरिक म्हणून पेरुत्झ यांना पकडून कॅनडातील छावणीत पाठविण्यात आले. परत येऊन त्यांनी तेच काम पुन्हा हाती धरले. १९५३ साली त्यांना वाट सापडली. रेणूला पाऱ्यासारखा जड अणू जोडला तर ठिपक्यांची तीव्रता बदलते आणि त्या फरकावरून हिशेब सुटतो, हे त्यांनी दाखविले. १९५९ साली, म्हणजे बावीस वर्षांनी, हिमोग्लोबिनचा पहिला आराखडा त्यांच्या हाती आला. १९६२ साली जॉन केंड्र्यू यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षेत एकदा अपयश आले म्हणून पुस्तक मिटणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही बावीस वर्षे मनात ठेवावीत.

ताणलेली सतरंजी

आराखडा असा होता. हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनाच्या चार साखळ्या असतात. त्यांपैकी दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या. प्रत्येक साखळीच्या घडीत 'हीम' नावाचे सपाट चकतीसारखे कडे आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसलेला. चार साखळ्यांच्या दोन जोड्या एकमेकींना टेकून असतात.

प्राणवायू नसताना या दोन जोड्यांमध्ये जादा बंध असतात आणि रेणू आवळलेला असतो. लोहाचा अणू हीमच्या चकतीपासून किंचित बाहेर ओढलेला राहतो. प्राणवायू येऊन चिकटला की लोह चकतीत सरकते. हे सरकणे सेंटिमीटरच्या वीस-पंचवीस कोटींव्या भागाएवढे. पण लोहाला जोडलेले अमिनो आम्ल त्याच्याबरोबर ओढले जाते, ते आपल्या साखळीला हलविते, जोड्यांमधील बंध तुटतात आणि एक जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे पंधरा अंशांनी फिरते. रेणू सैल होतो आणि सैल झालेल्या रेणूची प्राणवायूवरची पकड घट्ट होते. प्राणवायू असतानाचा व नसतानाचा आकार वेगळा आहे हे हिलरी म्यूरहेड आणि पेरुत्झ यांनी १९६३ साली दाखविले. त्या बदलाची ही संपूर्ण यंत्रणा पेरुत्झ यांनी १९७० साली मांडली.

विद्यार्थ्यांना हे असे समजावून घेता येईल. चार जणांनी एका मोठ्या सतरंजीची चार टोके धरून ती ताणली आहे. सर्वांचे हात ताणात गुंतले असल्याने दुसरे काही हातात घेणे त्यांना जमत नाही. कोणी आग्रह करून एकाच्या हाती पेला दिला आणि त्याने टोक सोडले, की उरलेल्या तिघांच्या हातांवरचा ताण उतरतो आणि त्यांनाही पेला घेणे सोपे जाते. हिमोग्लोबिनच्या चार जागा अशाच एका ताणाने बांधलेल्या आहेत. निरोप पोहोचतो तो आकारातून.

हा आकार बदलला नाही तर काय होते, याचा दाखला घरगुती आहे. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटविली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शिवाय उरलेल्या जागांना तो सैल आकारातच अडकवून ठेवतो. त्यामुळे रक्तात जो थोडा प्राणवायू असतो, तोही शरीराला मिळत नाही. डबा भरलेला, पण दार बंद. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे म्हणूनच जीवघेणे ठरते.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

आता त्या दुसऱ्या धाग्याकडे वळू, जो शिकागोपासून निघून आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. १९०४ साली वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यकी शिकण्यासाठी शिकागोला आला. त्याला खोकला, ताप व अशक्तपणा जडला. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात गोल पेशींऐवजी लांबट, विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून या आजाराचे नाव पडले. नोएल दंतवैद्य होऊन मायदेशी परतला आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला.

१९२७ साली हान आणि गिलेस्पी या अमेरिकन डॉक्टरांना आढळले की या पेशी नेहमीच वाकड्या नसतात. प्राणवायू काढून घेतला की वाकतात आणि परत दिला की पुष्कळशा सरळ होतात. १९४५ साली डॉ. विल्यम कॅसल यांच्या तोंडून ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या कानावर गेली. त्यांनी तर्क केला की दोष पेशीत नसून आतील हिमोग्लोबिनच्या रेणूत असला पाहिजे. १९४९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतप्रवाहात निरोगी आणि रोगी हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकते हे दाखवून दिले आणि सिकलसेलला 'रेणूचा आजार' असे नाव दिले. आई-वडिलांकडून आलेल्या वाहक रक्तामध्ये दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, हेही त्याच प्रयोगातून दिसले.

१९५६-५७ साली केंब्रिजमध्ये, पेरुत्झ ज्या प्रयोगशाळेत काम करीत होते तेथेच, व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एका मोठ्या परिच्छेदात एक अक्षर चुकावे, एवढाच हा फरक.

आता वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, कारण दोन्ही धागे येथे जुळतात. ग्लुटामिक आम्लाला पाणी प्रिय असते. व्हॅलिन मात्र तेलाप्रमाणे पाण्यापासून दूर पळू पाहते आणि लपायला खाच शोधते. हिमोग्लोबिनने प्राणवायू धरलेला असतो तोवर शेजारच्या रेणूवर त्याला बसण्याजोगी खाच मिळत नाही. प्राणवायू सोडताच रेणूचा आकार आवळला जातो आणि नेमकी तशी खाच उघडी पडते. एका रेणूचे व्हॅलिन शेजाऱ्याच्या खाचेत बसते, त्याचे पुढच्याच्या आणि पाहता पाहता लांबच लांब दांडे तयार होतात. हे दांडे पेशीला आतून ताणून वाकडी व कडक करतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडा-सांध्यांत त्या असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांत मोडते. त्यामुळे रक्त कमी पडते.

थोडक्यात, शरीराला प्राणवायू देण्यासाठी हिमोग्लोबिनला जो आकार घ्यावाच लागतो, त्याच आकारात हा आजार दबा धरून बसलेला असतो. यात आईचा दोष नाही, अन्नाचा नाही आणि नजरेचाही नाही.

निलगिरीपासून नागपूरपर्यंत

पुष्कळ वर्षे हा आजार आफ्रिकेतील वंशांपुरता आहे असे मानले जाई. १९५२ साली हर्मान लेमान आणि मेरी कटबुश यांनी दक्षिणेतील निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो असल्याचे प्रसिद्ध केले आणि हा समज ढळला. आणि १९५८ साली नागपूरच्या डॉ. आर. एन. शुक्ला व डॉ. बी. आर. सोलंकी यांनी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लेख लिहिला. विदर्भातील घरोघरच्या त्या अनामिक दुखण्याला अशा रीतीने नाव मिळाले. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि खेड्यातील रुग्णाला या तपासण्या जिल्ह्यातच उपलब्ध झाल्या.

हा आजार काही आदिवासी व काही मागास समाजांत अधिक आढळतो, हे खरे. पण त्यावरून 'तो त्यांचा आजार, आपला नव्हे' असे म्हणणे अज्ञानाचे आहे. हे जनुक टिकून का राहिले, याचे उत्तर मलेरियात आहे. १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल असा विचार मांडला होता. हे हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून सिकलसेलबद्दल तेच दाखवून दिले. ज्याला हे जनुक एकाच पालकाकडून मिळते त्या वाहकाला मलेरियाच्या घातक झटक्यापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानावनात मलेरियाने माणसे मरत होती तेथे या जनुकाने पूर्वजांना जगविले. त्याला कलंक कसे म्हणावे? शिवाय जनुकशास्त्राने दाखविले आहे की भारतातील सिकलसेल जनुकाची ठेवण सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील जनुकाशी जुळते. जनुक जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही आणि देशाची सीमाही मानीत नाही.

एका अक्षराचा बदल नेहमी घातकच असतो असेही नाही. हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर पट्टकादंब हे पाहुणे पक्षी हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले आहे. त्यामुळे आवळलेल्या आकारातील एक आधार ढिला पडतो आणि विरळ हवेतही प्राणवायूवरची पकड भक्कम राहते. एका जागचा बदल पक्ष्याला पर्वतापार नेतो आणि दुसऱ्या जागचा बदल लेकराला अंथरुणाला खिळवितो.

आपल्या घरापर्यंत

आता कामाचे बोलू. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचा रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो आणि म्हणूनच तपासणीशिवाय त्याला आपण वाहक असल्याचे कळत नाही.

नात्यातील विवाहाबद्दल येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांमध्ये साधारणपणे आठवा हिस्सा जनुके एकाच आजी-आजोबांकडून आलेली, सारखी असतात. त्यामुळे घराण्यात एक वाहक असेल तर त्याच घराण्यातील जोडीदारही वाहक असण्याची शक्यता वाढते. असे विवाह आपल्या समाजात होतात आणि विदर्भातील इतर समाजांतही होतात. ते निषिद्ध आहेत असे कोणी म्हणत नाही. पण नाते जितके जवळचे, तितकी तपासणी अधिक आवश्यक, एवढे तरी मान्य करावयास हवे. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहापूर्वी सिकलसेल व थॅलसेमियाची तपासणी सक्तीची आहे. जे तेथे कायद्याने होते ते येथे समजुतीने व्हायला काय हरकत आहे?

तपासणी कठीण नाही. बोटातून दोन थेंब रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी करतात. त्यात रक्तातील प्राणवायू रसायनाने काढून घेतला जातो. सिकल हिमोग्लोबिन असल्यास ते आवळलेल्या आकारात येऊन एकमेकांना चिकटते आणि नळीतील द्रव गढूळ दिसतो. स्टोक्स यांनी १८६४ साली रंग पाहण्यासाठी केलेला प्रयोग आज आपल्या मुलांसाठी असा कामी येतो. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही. त्यासाठी पॉलिंग यांच्या विद्युत पद्धतीचा किंवा तिच्यापेक्षा नव्या यंत्राचा उपयोग करतात. अगदी तान्ह्या बाळात विद्राव्यता चाचणी भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन असते. हे हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्याइतके घट्ट पकडीचे असते आणि दांडे बनण्यातही ते सामील होत नाही. म्हणून पहिले काही महिने बाळ ठीक दिसते आणि पुढे त्रास सुरू होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच गर्भातील हिमोग्लोबिन वाढवून कळा कमी करते. आपल्याकडील रुग्णांत ते मुळात थोडे अधिक असते, पण म्हणून विदर्भातील मुलांना आजार सौम्यच होतो असे समजणे घातक ठरेल.

हिमोग्लोबिनला सैल आकारातच धरून ठेवावे, म्हणजे दांडे होणार नाहीत, या कल्पनेवर व्होक्सेलोटर नावाचे औषध २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. पुढे फायद्यापेक्षा धोका अधिक असल्याचे दिसल्याने २०२४ साली ते जगभरातून मागे घेण्यात आले. अस्थिमज्जा रोपण आणि २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेले जनुकीय उपचार आशादायक आहेत, परंतु ते अतिशय खर्चिक आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपविणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. पण सरकारी मोहीम दारापर्यंत येते. दार आपल्यालाच उघडावे लागते.

ज्या घरी रुग्ण आहे त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात अंगातील पाणी आटले की पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि दांडे लवकर बनतात. म्हणून मुलाला वरचेवर पाणी पाजावे आणि शाळेत पाण्याची बाटली सोबत द्यावी. थंड पाण्याने आंघोळ, अति श्रम व उपाशीपोटी राहणे टाळावे. ताप आला, श्वास लागला किंवा कळ थांबेना तर घरगुती उपायांत वेळ न घालविता दवाखाना गाठावा. लसी वेळेवर द्याव्यात आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या बंद करू नयेत. शिक्षकांनाही विनंती की असे मूल लघवीला किंवा पाण्याला वारंवार उठले तर त्यास रागावू नये आणि त्याची गैरहजेरी आळसात मोजू नये.

पालकहो, आपण मुलांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचे दाखले जपून ठेवतो. त्याच फाइलमध्ये सिकलसेल तपासणीचा कागदही ठेवावा, अशी कळकळीची विनंती आहे. स्थळ पाहताना शिक्षण, नोकरी आणि घराणे विचारले जाते. त्याच सहजतेने हा कागदही विचारला जावा आणि दाखविला जावा. वाहक असलेल्या मुलीचे स्थळ त्या एका कारणाने मोडू नये. फक्त दोन वाहकांची गाठ नकळत पडू नये, एवढेच पाहावयाचे आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, हा इतिहास तुम्ही घरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्या आईला आजवर सारे 'तुझ्याच रक्ताचा दोष' म्हणत आले, तिला सांगा की हा दोष तिचा नव्हे. एका रेणूत एक अक्षर बदलले, ते आई व वडील दोघांकडून आले आणि ते आज दोन थेंब रक्तात ओळखता येते. तुमच्यापैकी कोणी उद्या सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेत बसून या रेणूवर पुढचे काम करील, तर आपल्या जिल्ह्याच्या त्या नोंदवहीत एक नवे पान लिहिले जाईल.